जरा लाइनीत या

मराठीत रांग आहे, ओळ आहे, रेघ आहे, रेषा आहे, दोरी आहे, वाट आहे, पेशा आहे, धंदा आहे. घरात इतकी माणसं असताना बाहेरून आलेल्या एका पाहुण्यानं प्रत्येकाचं काम हळूहळू आपल्या अंगावर घेतलं आणि आज तोच घरचा कर्ता होऊन बसला आहे. त्याचं नाव लाइन.

रेशनच्या दुकानासमोर असते ती लाइन. खांबावरून जाते ती लाइन आणि जमिनीखालून जाते तीही लाइन. गाडी जिच्यावरून धावते ती लाइन आणि कॉलेजातला मुलगा जिच्यामागे धावतो तीही लाइन. मुलगी दाखवायला आणताना 'मुलगा कुठल्या लाइनला आहे?' असं विचारतात आणि मुलाचे बाबा 'आमचा राहुल आता अगदी लाइनला लागलाय' असं सांगतात. हा राहुल रेशनच्या दुकानासमोर उभा आहे अशी शंका कोणाला येत नाही.

इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडे आणला तेव्हा तो सरळ होता. लाइन म्हटलं की सरळ, एवढाच त्याचा बाणा. आपण त्याला विभक्तीचे प्रत्यय लावले आणि बिचाऱ्याची सरळ चाल गेली. लाइनीत उभा राहतो तो ग्राहक. लाइनवर येतो तो सुधारलेला. लाइनला लागतो तो कमावता. लाइन सोडून वागतो तो वाया गेलेला, आणि लाइन सोडून बोलतो तो बहुधा आमदार. एक प्रत्यय बदलला की माणसाचं नशीब बदलतं, अशी सोय पाणिनीलाही जमली नसती. इ ऱ्हस्व की दीर्घ हा वाद अजून चालू आहे. शुद्धलेखनवाले 'लाइन' लिहितात, पाट्यांवर 'लाईन' असतं. ज्यांनी रॉकेलचा डबा घेऊन आयुष्याची काही वर्षं काढली आहेत, त्यांना ती दीर्घच वाटणार.

या शब्दाचं कूळ शोधत गेलं तर आपण शेवटी जवसाच्या शेतात पोहोचतो. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून जो धागा निघतो, त्यावरून दोरीला लिनिया म्हणू लागले. तीच पुढे इंग्रजांची लाइन झाली. लिनन कापड याच खानदानातलं. कोटाला आतून लिनन लावायचे, म्हणून अस्तर झालं लायनिंग. ब्लाउज शिवायला दिला की शिंपीकाका चष्म्यावरून बघत 'लायनिंग टाकू ना?' असं विचारतात, तेव्हा त्या बिचाऱ्यांना कल्पना नसते की आपण जवस टाकायला निघालो आहोत. आणि त्याच दुकानात कोणी 'मला लायनिंगचा शर्ट दाखवा' म्हणालं, तर त्याला रेघांचा शर्ट हवा असतो. काका बरोबर तोच काढतात. नागपूर-यवतमाळकडे लोक जवसाची चटणी तेल घालून भाकरीबरोबर खातात. युरोपातल्या लोकांनी त्याच जवसाची दोरी वळली आणि त्या दोरीनं जग आखायला घेतलं.

दोरीचं हे जुनं नातं आपल्याकडे फक्त गवंड्यानं सांभाळलं आहे. त्याच्या पिशवीत थापी असते, रंधा असतो, ओळंबा असतो, गुण्या असतो आणि लाइनदोरी असते. लाइन म्हणजेच दोरी, तेव्हा लाइनदोरी म्हणजे खरं तर दोरीदोरी. पण गवंड्याला दोन भाषांत एकदम खात्री करून घ्यायची असते. भिंतीच्या दोन टोकांना दोन विटा ठेवायच्या, दोरी ताणायची, मधोमध बोटानं टिचकी मारायची. ती टणकन वाजली की लाइन लागली. मग त्या दोरीला विटेची कड अंगठ्यानं लावत लावत थर चढवायचा. नव्या घराचं लाइनआउट असलं की पांढरी फक्की, चार खुंट्या, नारळ आणि मालक असा सरंजाम जमतो. फक्कीच्या रेघा बघून मालकीणबाई हमखास म्हणतात, 'अगं बाई, एवढीशीच खोली?' लाइनीत दिसणारं घर नेहमीच लहान असतं. हप्ते सुरू झाले की ते आपोआप मोठं वाटू लागतं.

दोरी हातात आल्यावर साहेबाला जिकडेतिकडे लाइनी आखायची खोडच लागली. आपल्याकडे मोठा माणूस गेला की त्याच्या नावाचा चौक होतो. साहेबाच्या नावाची लाइन होत असे. ड्युरँड साहेबाची १८९३ सालची, मॅकमोहन साहेबाची १९१४ सालची. रॅडक्लिफ साहेब तर १९४७ सालच्या जुलैत पहिल्यांदाच हिंदुस्थानात आले, ऑगस्टपर्यंत दोन प्रांत मधोमध कापणारी लाइन आखून दिली आणि परत गेले. गवंडी निदान भिंत उभी राहीपर्यंत थांबतो.

जिथे देश कापायचा नव्हता तिथे साहेबानं वस्त्या आखल्या. पलटणीच्या बराकी ओळीनं बांधल्या की त्या झाल्या लाइन्स. कारकून-कलेक्टर राहिले त्या सिव्हिल लाइन्स, म्हणून नागपुरात आजही सिव्हिल लाइन्सला राहतो म्हटलं की समोरचा जरा सावरून बसतो. पोलीस राहिले ती पोलीस लाइन, तिथे राहतो म्हटलं तरी समोरचा सावरून बसतो, पण कारण वेगळं असतं. मुंबईत मरीन बटालियनच्या लाइनी होत्या. बटालियन गेली, बराकी गेल्या आणि स्टेशनाच्या पाटीवर मरीन लाइन्स उरलं. धारवाडच्या लाइन बाजाराचं नशीब सगळ्यात चांगलं. पलटणीची आठवण कोणाला राहिली नाही, पेढ्याची सगळ्यांना राहिली.

साहेबाची खरी लाइन मात्र १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. त्या दिवशी बोरीबंदरहून चौदा डब्यांची गाडी निघाली आणि चौतीस किलोमीटरवरच्या ठाण्याला पोहोचली. तोफांच्या सलामीत निघालेल्या त्या गाडीत चारशे पाहुणे होते आणि सगळे बसलेले होते. ठाणे गाडीत सगळे बसून गेल्याचं उदाहरण त्यानंतर शोधावं लागेल. या रेल्वेनंच आपल्याला 'लाइन क्लिअर' दिलं. एकेरी मार्गावर समोरून दुसरी गाडी येऊ नये म्हणून ड्रायव्हरच्या हातात टोकन दिल्याशिवाय गाडी पुढे सोडत नसत. वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीत धातूचा गोळा असायचा. स्टेशनमास्तरनं तो दिला की लाइन क्लिअर. आता ते गोळे गेले, शब्द उरला आणि तो रुळांवरून उतरून थेट घरात शिरला. बाबा झोपले की लाइन क्लिअर. साहेब रजेवर गेले की लाइन क्लिअर. मुलीच्या मोठ्या बहिणीचं लग्न ठरलं की धाकटीची लाइन क्लिअर.

मुंबईच्या परिसरात तर लाइन ही माणसाची जात आहे. गाव कुठलं ते कागदोपत्री विचारतात. खरी ओळख पटते ती 'तुमची लाइन कुठली?' या प्रश्नानं. वेस्टर्नवाला सेंट्रलवाल्याकडे दयेनं बघतो, सेंट्रलवाला हार्बरवाल्याकडे दयेनं बघतो आणि हार्बरवाला खिडकीतून बाहेर बघतो, कारण गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी असते. रविवारी रूळ दुरुस्तीला घेतले की सेंट्रलवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, वेस्टर्नवर जम्बोब्लॉक. गाडी दोन्हीकडे तितकीच नसते; पण वेस्टर्नवाल्यांचं कसं सगळंच जरा वरच्या दर्जाचं. या दोन संस्कृतींचा संगम होतो दादरच्या पुलावर. तिथे पूर्वी दोन्ही लाइनींचा आपापला एक नंबरचा फलाट होता. 'एक नंबरला भेटू' असं ठरवून दोन माणसं दोन एक नंबरांवर एकमेकांची वाट पाहत उभी राहत. डिसेंबर २०२३ मध्ये सेंट्रलच्या फलाटांना आठपासून चौदापर्यंत आकडे दिले आणि दादरला उशिरा पोहोचण्याचं एक चांगलं कारण कायमचं गेलं.

स्थळ बघतानाही लाइन बघतात. 'मुलगी बोरिवलीची, मुलगा डोंबिवलीचा, जमेल का?' या प्रश्नात पत्रिकेपेक्षा टाइमटेबल जास्त असतं. मंगळ चालतो, एकनाड चालते, पण माहेरी जायला दादरला लाइन बदलावी लागणार असेल तर मुलीची आई विचारात पडते. आमच्या डोंबिवलीत सून अंबरनाथची आली तर 'आपल्याच लाइनीची आहे' असं कौतुकानं सांगतात, अगदी 'आपल्याच आळीतली' म्हणावं तसं.

खरी लाइन बघायची तर संध्याकाळी लेडीज डब्यात शिरावं. तिथे दोन बाकांच्या मध्ये बायका कशाही उभ्या असतात. एक पाठमोरी, एकीचा हात दुसरीच्या खांद्यावरून कडीला, एकीच्या पिशवीतली मेथी तिसरीच्या मानेत. लाइनीचा मागमूस नाही. नवी चढलेली बाई बसलेलीला विचारते, 'कुठे?' उत्तर येतं, 'ठाणा.' 'कोणाला दिलीय?' बसलेली हनुवटीनं निळ्या ड्रेसकडे खूण करते. नवी मग निळ्या ड्रेसला विचारते, 'तुम्ही कुठे?' 'दिवा.' 'तुमच्यानंतर मी.' संपलं. कागद नाही, टोकन नाही, साक्षीदार नाही. मुलुंड गेलं की ठाणावाली पर्स सावरते, निळा ड्रेस अर्धा वाकतो आणि ठाण्याला जागा हस्तांतरित होते. मध्येच कोणी परकी बाई रिकाम्या जागेवर टेकलीच, तर चारी बाजूंनी आवाज येतो, 'अहो, लाइन आहे इथे!' बघणाऱ्याला दिसत नाही, पण असते. या व्यवहारावर वाद होऊन निकाल चुकीचा लागल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. ज्या राज्यात जमिनीचे दावे तीन पिढ्या चालतात, तिथे बुडाखालच्या जागेचा निकाल तोंडी आणि तत्काळ लागतो.

पुरुषांच्या डब्यात मात्र क्रिकेटची लाइन चालते. क्रिकेटमध्ये बोलरनं लाइन आणि लेंग्थ सांभाळायची असते. १९३२-३३ साली इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन यानं ऑस्ट्रेलियात जाऊन आपल्या लार्वुड या बोलरला थेट फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायला लावले. तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्याला बॉडीलाइन म्हटलं आणि मोठा गहजब झाला. या जार्डिनचा जन्म मुंबईचा, १९०० सालचा. सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास ठाण्याच्या फलाटावर गाडी येताना जमाव जसा पुढे सरकतो तो बघितला, की मुंबईत जन्मलेल्या माणसाला बॉडीलाइन सुचण्यात विशेष काही वाटेनासं होतं. फरक इतकाच, की तिथे हेल्मेट नव्हतं म्हणून तक्रार झाली. आपल्याकडे पोटावर घेतलेली सॅक तेच काम करते आणि तक्रार कोणी करत नाही.

विदर्भात गेलं की लाइन रुळांवरून खांबावर चढते. वीज गेली की मुंबईत 'लाइट गेली' म्हणतात. पुण्यात 'लाइट गेले' म्हणतात. तिथे वीजसुद्धा आदरार्थी बहुवचनात जाते. नागपूरकडे 'लाइन गेली' म्हणतात. लाइन आणणारा तो लाइनमन. गावात सरपंच दर पाच वर्षांनी बदलतो, लाइनमन राहतो, म्हणून लग्नाची पत्रिका आधी कोणाकडे जाते हे सांगायला नको. शेतात मोटार चालवायला थ्री फेजची लाइन लागते आणि ती रात्रीच्या पाळीला आली की शहरातून आलेल्या पाहुण्याची पंचाईत होते.

'आज रात्री बाराची लाइन आहे.'

'बाराला? कसली लाइन?'

'पाण्याची.'

'एवढ्या रात्री पाण्यासाठी लाइन लावायची?'

'लावायची नाही, येणार आहे. लाइटची.'

'मग पाण्याची काय म्हणालात?'

'त्याची पाइपलाइन लिकेज आहे, ती सकाळी बघू.'

पाहुणा झोपायला जातो. यजमान बॅटरी घेऊन बांधावर जातो.

आता लाइन मारणे. याचा उल्लेख टाळून पुढे जाता येणार नाही, कारण मराठी तरुणाईच्या दोन-तीन पिढ्यांनी या क्रियापदावर मनापासून कष्ट घेतले आहेत. मराठीत रेघ मारली की वहीला समास पडतो. लाइन मारली की पेपरात विषय पडतो. रेघ मारणाऱ्याला पट्टी लागते, लाइन मारणाऱ्याला कधीकधी पट्टी खावी लागते. या व्यवहाराचं व्याकरण पक्कं आहे. मुलगा लाइन मारतो, मुलीनं ठरवलं तर ती लाइन देते, आणि न ठरवताही दिली असं चार मित्र सांगतात. आपण जी मारली तीच परत मिळाली की वेगळी, याचा खुलासा होत नाही. 'ती त्याची लाइन आहे' असं म्हटलं की मुलगीच लाइन होते. पूर्वी हा उद्योग कट्ट्यावर, सायकलवर, फार तर कॅरमच्या अड्ड्यावरून चालायचा. आता तो ऑनलाइन गेला. तिच्या नावाखाली ऑनलाइन दिसतं, निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. कट्ट्यावरच्या पिढीला निदान नकाराला आवाज होता, कधी सँडलचा, कधी थोरल्या भावाचा.

लाइन मारण्यात तरबेज मुलाची पुढे लाइन चुकते. दहावी झाली की 'कुठली लाइन घेतली?' हा प्रश्न सुरू होतो. सायन्स लाइन, कॉमर्स लाइन, डिप्लोमा लाइन. आर्ट्सला लाइन म्हणत नाहीत. 'आर्ट्सला गेला' म्हणतात आणि आवाज खाली नेतात. पुढे मेडिकल लाइन, कॉम्प्युटर लाइन, हॉटेल लाइन, सगळ्यात बदनाम सिनेमा लाइन. 'ती लाइन चांगली नाही' असं सांगणारे काका त्या लाइनीतल्या माणसाबरोबर फोटो काढायला सगळ्यात पुढे असतात. मुलगा लाइनला लागला की आईबाप सुटकेचा श्वास सोडतात. त्याला आवडती लाइन मिळाली का, हे विचारायचं राहून जातं. आपल्याकडे लाइनला लागण्याला महत्त्व. लाइन कुठे जाते ते पुढचे बघतील.

एवढे सगळे अर्थ झाले तरी खरी लाइन ती उभी राहायची. सरकारी पाटीवर 'कृपया रांगेत उभे राहावे' असं लिहिलेलं असतं आणि माणूस ओरडतो, 'ओ काका, लाइनीत या!' रांग ही लिहायची गोष्ट आणि लाइन ही जगायची. रांगेत शिस्त असते, लाइनीत वाटाघाट असते. लाइनीत माणसंच उभी असावीत असाही नियम नाही. रेशनच्या दुकानापुढे पहाटे बघावं, पिशवी, वीट, चेपलेला डबा, एकच चप्पल असे नंबर लागलेले असतात. दुसरी चप्पल पायात घालून मालक चहाला गेलेला असतो. त्या चपलेचा हक्क सगळे मानतात. माणूस स्वतः उभा असला तर त्याच्यापुढे घुसतील, चपलेपुढे घुसणार नाहीत.

घुसणाऱ्यांच्या जाती ठरलेल्या आहेत. पहिला 'फक्त विचारायचंय' म्हणणारा. तो विचारतो, फॉर्म घेतो, भरतो, पैसे देतो, पावती घेतो आणि सुटे मागतो. दुसरा 'मी इथेच होतो' म्हणणारा. तो कुठे होता हे कोणालाच आठवत नाही, पण तो इतक्या दुखावल्या आवाजात सांगतो की मागच्यालाच अपराधी वाटतं. तिसऱ्या असतात काकू. त्यांचे मिस्टर पुढे उभे असतात आणि मिस्टरांमागे त्या, नणंद, नणंदेची मुलगी आणि मुलीची सायकल असा परिवार अलगद शिरतो. चौथा सगळ्यात पोचलेला. तो लाइन नीट लावतो. 'अहो सरळ उभे राहा, दोन लाइनी करू नका, बायकांना पुढे घ्या' असं करत करत खिडकीपाशी पोहोचतो आणि मग दिसत नाही.

देवापुढेही लाइनच. पंढरपुरात तिला बारी म्हणतात आणि आषाढीला ती गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. घाई असलेल्यांसाठी मुखदर्शन वेगळं, पायावर डोकं ठेवायचं असेल तर वेगळी बारी. लालबागला नवसाची लाइन निराळी आणि मुखदर्शनाची निराळी. गर्दीत चुकून दुसरीत लागलात तर देव तोच मिळतो, फक्त वेळ बदलतो. शिवाय हल्ली बऱ्याच देवस्थानांत व्हीआयपी लाइन असते. लाइनीत उभं राहायचं नसेल त्यांच्यासाठी काढलेली ही लाइन, आता तिलाही लाइन असते. लोकांना जिच्याखाली जायची घाई असते अशी लाइन मात्र एकच, दारिद्र्याची. पिवळं कार्ड मिळवायला तहसील कचेरीबाहेर जी मंडळी येतात, त्यांतल्या काहींना मोटारसायकल लावायला जागा मिळत नाही.

लाइन ओलांडण्यात आपण किती पुढे गेलो आहोत याचा पुरावा म्हणजे डेडलाइन. हा शब्द अमेरिकन यादवी युद्धातला. १८६४ साली जॉर्जियातल्या अँडरसनविलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक बुटका कठडा होता. कैद्यानं तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. त्या कठड्याचं नाव डेडलाइन. मराठी लेखकाला हा इतिहास ठाऊक नसावा. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादक दर वर्षी डेडलाइन आखतात आणि लेखक ती ओलांडून पलीकडे जिवंत फिरताना दिसतात. संपादकांचा पहिला फोन गणपतीत येतो. तेव्हा लेख डोक्यात तयार असतो. पितृपक्षात तो कागदावर उतरत असतो. नवरात्रात लेखकाच्या घरचं कोणीतरी आजारी असतं. दसऱ्याला 'पाठवतोच' होतं. गोळी घालायची सोय असती तर मराठीत दिवाळी अंक कवितेपुरतेच उरले असते.

सगळ्यात मोठी गंमत ऑनलाइनची झाली. लाइनी बंद व्हाव्यात म्हणून सरकारनं सगळं ऑनलाइन केलं. आता गावातल्या ई-सेवा केंद्राबाहेर ऑनलाइनची लाइन असते. आतला मुलगा अंगठे घेतो, ओटीपी विचारतो, ओटीपी आलेला फोन घरी नातवाकडे असतो, नातू शाळेत असतो. मागचे शांतपणे उभे असतात. तेवढ्यात लाइन जाते. मग सगळे त्याच लाइनीत उभे राहून लाइनची वाट पाहतात आणि लाइनमनला कोणीतरी फोन लावतो. त्याची लाइन बिझी लागते. हे वाक्य परक्या माणसाला समजावून सांगायचं तर अर्धा दिवस जाईल. गावातल्या माणसाला ते ऐकूही येत नाही, इतकं ते रोजचं आहे.

या सगळ्या लाइनींमधून मराठी माणूस वाट काढत आला आहे. त्याचं काही चालत नाही ते फक्त फोनवरच्या लाइनीपुढे. 'आमचे सर्व प्रतिनिधी इतर ग्राहकांशी बोलण्यात व्यग्र आहेत, कृपया लाइनवर राहा' असं एक बाई सांगते आणि सनई-सतारीसारखं काहीतरी वाजू लागतं. इथे पुढे कोण आहे ते दिसत नाही. शेवटचे कोण, असं विचारता येत नाही. चप्पल ठेवून चहाला जाता येत नाही. 'फक्त विचारायचंय' म्हणावं तर ऐकायला माणूस नाही. काकूंना मिस्टरांमागे शिरायला जागा नाही, कारण मिस्टर स्वतःच कुठे उभे आहेत ते त्यांना ठाऊक नाही. हातातला फोन कानाला चिकटवून, घरातल्यांना गप्प बसवून, सोफ्यावर एकटाच माणूस अदृश्य लाइनीत ताटकळतो. विसाव्या मिनिटाला तो हताश होऊन स्वयंपाकघराकडे बघतो. आतून कणीक मळतामळता उत्तर येतं, 'कशाला तासभर धरून बसलाय? ठेवा तो फोन. वरच्या मजल्यावरच्या सानेबाईंचा भाचा याच लाइनला आहे.'